नेटवर्क मार्केटिंगच्या प्लॅन मीटिंगचा रिव्ह्यू (सांगली) : आयडी लावायच्या (म्हणजे मेंबर व्हायच्या) आधी वाचा

ज्यांना सध्या कोणीतरी "तू नुसतं ये, ऐकून घे, पटलं तरच बघू" म्हणून नेटवर्क मार्केटिंगसाठी (माल विका, खाली माणसं जोडा, त्यांच्या खरेदीवरही कमिशन घ्या) मागे लागलंय त्यांच्यासाठी लिहितेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कंपनी बदलली तरी मीटिंग साधारण हीच असते. आयटीआय झालेल्या माझ्या भाच्याला बोलावलं होतं, सोबत मी गेले. विश्रामबागला हॉल, एसी, चहा-बिस्किट, सगळी व्यवस्था एकदम नीट. बोलावताना मात्र त्याला "जॉब ऑफर आहे" असं सांगितलेलं, आणि माझ्या मते गडबड तिथेच सुरू होते. ज्या धंद्याची सुरुवातच लपवून करावी लागते त्यात पुढे तुम्हाला खरं कोण सांगणार?

प्लॅन दाखवणारा पोरगा बोलायला हुशार होता. बोर्डवर काढलं, तू फक्त 5 जण आण, ते प्रत्येकी 5 आणतील, 25, मग 125, मग 625, आणि तिथे मार्करचं टोपण लावून थेट चेकचा फोटो दाखवला. मी मोबाईलवर पुढचं करून बघितलं. आठव्या लेव्हलला 3,90,625 माणसं होतात, वरच्या लेव्हल धरल्या तर 4 लाख 88 हजार. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडीच वर होती, पाळण्यातली पोरं आणि नव्वदीचे आजोबा धरून. आणि त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला हेच झाड दाखवलं जात होतं! म्हणजे सगळ्यात खाली जे उरणार त्यांच्याखाली लावायला माणूसच नाही, आणि झाडात सगळ्यात जास्त गर्दी खालीच असते.

मी विचारलं की तुमच्या टीममध्ये मागच्या वर्षी जॉइन झालेल्यांपैकी आज किती जण ॲक्टिव्ह आहेत आणि कमाईच्या क्रमाने रांग लावली तर मधोमध येणाऱ्या माणसाला महिन्याला काय मिळतं? उत्तर आलं, "मॅडम, निगेटिव्ह विचार केला तर कुठलाच बिझनेस होत नाही." बरं, जॉइनिंग फ्री होतं, हे खरंय, पण आयडी ॲक्टिव्ह करायला साडेसात हजाराचा माल घ्यायचा आणि पुढे दर महिन्याला परचेस करत राहायचं, नाहीतर पॉइंट (ज्यावर कमिशन ठरतं ते) लॅप्स. हा भाग शेवटच्या पाच मिनिटांत, तोही फॉर्म पुढे सरकवता सरकवता.

आता याच कंपनीच्या मिरजेतल्या एका ताईंबद्दल, कारण रिव्ह्यू एकतर्फी नको आणि त्या बाईंनी मला खरंच इम्प्रेस केलं. शेजारणीच्या ओळखीने आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी वही काढली. डाव्या बाजूला कंपनीकडून आलेले पैसे आणि मालावरचं मार्जिन, उजव्या बाजूला पेट्रोल, रिचार्ज, सेमिनारचं तिकीट, हॉलची वर्गणी, फुकट वाटलेले सॅम्पल, आणि स्वतःच्या घरात वापरलेला मालसुद्धा. ज्या महिन्यात चार हजार आले त्या महिन्यात हातात सतराशे राहिलेले. भाच्याला म्हणाल्या, "बाळा, मी लावलेल्या बारा जणींपैकी दोघी टिकल्या. पगार सोडून यात पडू नकोस. माल विकायला आवडत असेल, लोकांच्या दारात 'नाही' हे उत्तर ऐकायची तयारी असेल, तर जोडधंदा म्हणून बघ, आणि कर्ज काढून किट तर अजिबात घेऊ नकोस." खरं सांगितलं की माणसं पळतात असं हॉलमधल्या पोरांना वाटतं, पण मला उलट वाटतं, खरं ऐकून जो येतो तो चार महिन्यांनी शिव्या घालून जात नाही, नातीही शाबूत राहतात. आपल्याकडे ओळखीच्यांची लिस्ट काढायला सांगतात तेव्हा पहिली नावं मामा, आत्या, मैत्रिणी हीच असतात ना, मग फसवणूक झाली तर ती घरातच होते.

नियम माहीत असू द्या. 2016 च्या केंद्राच्या डायरेक्ट सेलिंगच्या (नेटवर्क मार्केटिंग यातच येतं) गाइडलाइन्समध्ये एंट्री फी नको आणि कमाईचं खोटं चित्र रंगवायचं नाही हे स्पष्ट होतं. डिसेंबर 2021 मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियमच आले, त्यात पिरॅमिड स्कीमवर (जिथे पैसा माल विकून नाही, माणसं जोडून मिळतो) बंदी, लेखी करार आणि कूलिंग-ऑफ पिरियड, म्हणजे ठरावीक मुदतीत दंड न भरता करार रद्द करता येतो. मीटिंगमध्ये यातलं एक अक्षर नाही, ताईंनी मात्र कराराची कॉपी दाखवून मुदत बोटाने दाखवली. आणि कमाईचं म्हणाल तर अमेरिकेत एफटीसीने (ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था) 2024 मध्ये अशा 70 कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेले आकडे तपासले, त्यातल्या बहुतेक ठिकाणी बहुतांश लोकांना वर्षाला 1000 डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, आणि त्यातल्या बऱ्याच कंपन्यांनी त्यात खर्च धरलेलाच नव्हता.

मालाबद्दल थोडक्यात. भांड्यांचं लिक्विड चांगलंय, थोडंसं पुरतं, हातही खरखरीत होत नाहीत. टूथपेस्ट ठीकठाक. प्रोटीन पावडर मेडिकलमधल्या डब्यापेक्षा जवळपास दुप्पट महाग, वेगळं काही जाणवलं नाही. भाच्याने आयडी लावला नाही, आम्ही ताईंकडून लिक्विड मात्र घेतो, गिऱ्हाईक म्हणून.

हॉलमधल्या मीटिंगला 5 पैकी 1, तोही एसी आणि चहाचा. ताईंना साडेचार. अर्धा कापला कारण आम्ही बसलेलो असताना एका बाईंना फोनवर "या पावडरने शुगर कंट्रोलमध्ये राहते" असं बोलल्या. मी तिथेच म्हटलं ताई हे बोलू नका, कोणी गोळ्या बंद करेल, तर लगेच परत फोन लावून त्यांना सांगितलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.