माझदा आरएक्स-७ एफडी, मूळ जोडटर्बो आणि नवा एक्झॉस्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी एफडी३एस, इंजिन १३बी-आरईडब्ल्यू, म्हणजे पिस्टनऐवजी दोन फिरत्या रोटरचं रोटरी इंजिन. दोन्ही मूळ टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारे) आणि ते एकामागून एक चालू करणारी यंत्रणा जशीच्या तशी ठेवली आहे. टर्बोपासून मागे येताना प्रीकॅटच्या (धूर साफ करणाऱ्या मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे कॅटच्या, आधीच्या कॅटच्या) जागी ७६ मिमी बाहेरील व्यासाचा ३०४ स्टेनलेसचा डाउनपाइप, मुख्य कॅटच्या जागी २०० सेलचा (चौरस इंचाला २०० छिद्रांचा) धातूच्या गाभ्याचा कॅट, मध्ये एक रेझोनेटर (घुमणारा सूर दाबणारा डबा) आणि शेवटी एकच सरळ आरपार सायलेन्सर. वापर आठ महिने, सुमारे साडेसहा हजार किलोमीटर; बहुतेक रोजच्या रस्त्यावर, थोडा ट्रॅकवर.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच जोडणी घ्यावी, असं ठाम मत आहे. पण या गाडीत पाइप निवडायचा तो आवाज ऐकून नाही, बूस्टचा (टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचा) काटा बघून. साध्या इंजिनाला मोठा एक्झॉस्ट लावला तर फार तर खालची ओढ थोडी कमी होते. इथे मात्र नाकापेक्षा मोती जड झाला तर अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तुटतं आणि इंजिन उतरवावं लागतं.

कारण असं. मूळ मांडणीत प्रीकॅट, मुख्य कॅट आणि सायलेन्सर असे तीन अडथळे टर्बाइनच्या (टर्बोतल्या धुराने फिरणाऱ्या चक्राच्या) मागे दाब धरून ठेवतात. ते काढले की टर्बाइनच्या पुढचा आणि मागचा दाब यांतला फरक वाढतो, टर्बाइनला जास्त जोर मिळतो आणि तोच बूस्ट राखायला वेस्टगेटच्या झडपेला जास्त वायू बाजूने सोडावा लागतो. एफडीचं वेस्टगेट टर्बोच्या घरातच आहे आणि त्याचं भोक लहान आहे. झडप पूर्ण उघडली तरी तेवढा वायू त्यातून जात नाही, मग आरपीएम वाढतील तसा बूस्टही आपोआप चढत जातो. मूळ बूस्ट साधारण ०.७ बार, ४५०० आरपीएमच्या आसपास दुसरा टर्बो सामील होताना ०.५५ पर्यंत घसरतो आणि परत ०.७ ला येतो. मूळ ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि मूळ इंधनव्यवस्थेवर ०.८ च्या वर सतत चालवणं म्हणजे मिश्रण पातळ होण्याला (हवेच्या मानाने इंधन कमी पडण्याला) आमंत्रण. रोटरीत एक जोरदार नॉक (मिश्रणाचा अवेळी स्फोट) पुरते. पिस्टन इंजिनासारखी दहा वेळा माफी मिळत नाही.

त्यामुळे कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी विश्वासाचा बूस्ट मीटर आणि हवा-इंधन प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर, मग ट्यून करता येणारा ईसीयू, आणि शेवटी पाइप. फक्त सायलेन्सर बदलायचा असेल आणि दोन्ही कॅट जागेवर राहणार असतील तर मूळ ईसीयूवर भागतं, मीटर तरीही हवाच. प्रीकॅट काढला की त्याच आठवड्यात ट्यूनिंग ठरवून ठेवा. पूर्ण बूस्टवर हवा-इंधन प्रमाण ११ च्या आसपास किंवा त्याहून गडद (म्हणजे आकडा कमी, इंधन जास्त) असावं. वाइडबँडची एम१८×१.५ आट्याची बुडी (सेन्सर बसवायची कडी) डाउनपाइपवर, टर्बोपासून पाऊण मीटर तरी लांब आणि पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात तिरकी हवी. खालच्या बाजूला लावली तर सकाळी साचलेलं पाणी तापल्या सेन्सरवर उडतं आणि सेन्सर तडकतो.

चाचणी तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये, मोकळ्या ट्रॅकवर, ३००० पासून वर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन घ्यायची. काटा क्षणभर उडी मारून खाली बसत असेल तर दोष नियंत्रणात आहे: सोलेनॉइड, फाटकी व्हॅक्यूम नळी किंवा नळीतला बारीक छिद्राचा अडसर. काटा हळूहळू, आरपीएमच्या बरोबरीने चढत असेल तर तो प्रवाहाचा प्रश्न. त्याला कंट्रोलर बदलून काही होत नाही. वेस्टगेटचं भोक मोठं आणि गुळगुळीत करावं लागतं किंवा मागे अडथळा परत आणावा लागतो. २०० सेलचा कॅट ठेवण्याचं हेही एक कारण आहे. कॅटच्या जागी सरळ पाइप टाकला की अनेक गाड्यांचा बूस्ट हाताबाहेर जातो, कॅट ठेवला की आवरता येतो. ही चाचणी उन्हाळ्यात पास झाली तरी थंडीत पुन्हा करा. थंड हवा दाट असते, बूस्टचा हा चढ तेव्हाच दिसतो.

प्रीकॅट काढल्याचा खरा फायदा मात्र ताकदीपेक्षा उष्णतेचा. तो टर्बोला खेटून बसलेला असतो आणि जुना होऊन चोंदला की निखाऱ्यासारखा तापतो. बॉनेटखालच्या व्हॅक्यूम नळ्या वाळून काड्यांसारख्या तुटायला हीच उष्णता कारण. डाउनपाइपला आतून-बाहेरून सिरॅमिक लेप दिलेला घेतला तर उत्तम. कापडी पट्टी गुंडाळणं टाळावं. ती ओल धरते आणि पाइप जास्त तापून जोडांपाशी चिरतो. रस्त्यावरच्या गाडीतून प्रीकॅट काढणं बऱ्याच देशांत नियमाबाहेर आहे, तेव्हा मूळ भाग टाकून देऊ नका.

बसवण्याचं काम दिसतं त्यापेक्षा किचकट आहे. टर्बोच्या फ्लँजचे नट वर्षानुवर्षं तापून स्टडशी एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा, सहा कोनी सॉकेट लावा, आणि नट आधी केसभर घट्ट करून मगच सैल करा. तेवढ्या हालचालीने गंजाची पकड सुटते. नटाबरोबर स्टडच बाहेर आला तर बरंच झालं, नवा टाकता येतो. आत तुटला तर टर्बो उतरवण्याशिवाय मार्ग नाही. परत लावताना स्टेनलेस स्टडवर स्टेनलेस नट नको, आटे जागीच चिकटतात. तांब्याचा मुलामा असलेले लॉकनट आणि निकेलचं अँटीसीझ (आटे चिकटू न देणारा लेप) वापरा. तांब्याचं अँटीसीझ टर्बोच्या तोंडाशी कमी पडतं. गॅस्केट अनेक थरांच्या पोलादाचंच. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळा. गळती सुरू झाली तर फ्लँजभोवती पंख्यासारखा काजळीचा ठसा उमटतो आणि इंजिन थंड असताना टिकटिक ऐकू येते, गरम झाल्यावर ती थांबते.

३०४ स्टेनलेस तापल्यावर बराच लांबतो. एक मीटर पाइप ५०० अंशांनी तापला तर साधारण ९ मिमी. म्हणून डाउनपाइपच्या शेवटी लवचीक जोड असलेलाच संच घ्या, नाहीतर हा सगळा ताण टर्बोच्या फ्लँजवर येतो. एफडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल जोडणारी लांब चौकट पाइपच्या शेजारून जाते. गाडी जॅकवर थंड असताना तिथे करंगळीएवढी फट दिसते आणि तापल्यावर पाइप चौकटीला टेकून खडखडतो. सगळे क्लॅम्प अर्धवट आवळून इंजिन पूर्ण गरम करायचं, फटी बघायच्या, पाइप फिरवून जागेवर आणायचा आणि मग शेवटचं आवळायचं. मागच्या तोंडाभोवती बंपरपासून निदान २० मिमी सोडा. अ‍ॅक्सिलरेटर सोडताना उरलेलं इंधन पाइपात पेटतं आणि प्लॅस्टिक वितळायला वेळ लागत नाही.

आता आवाज. या इंजिनाची एक्झॉस्टची तोंडं रोटरच्या परिघावर आहेत आणि ती एकदम उघडतात, म्हणून प्रत्येक ठोका तीक्ष्ण असतो. दोन रोटरच्या इंजिनात शाफ्टच्या एका फेरीला दोन ठोके, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके. नेमक्या याच पट्ट्यात केबिन घुमते आणि लांबच्या प्रवासात तासाभरात कान किटतात. ज्या गाड्यांत थंड इंजिन लवकर तापवणारी यंत्रणा चालू आहे, त्यांत सकाळी सुरू केल्याबरोबर इंजिन ३००० च्या आसपास जातं, म्हणजे शेजाऱ्यांनाही तोच सूर. रेझोनेटरशिवायचा संच घेऊ नये, असं म्हणतो ते यासाठी. तरीही घुमणं उरलं तर बाजूला बंद तोंडाची नळी जोडणं हा खात्रीचा इलाज आहे: १०० हर्ट्झसाठी, नळीतला वायू २०० अंशांच्या आसपास धरला तर लांबी सुमारे १.०९ मीटर. नळीतलं खरं तापमान वेगळं निघतं, म्हणून टोपण आधी तात्पुरतं लावून लांबी जुळवा, मगच वेल्ड करा.

सायलेन्सरच्या भरणाबद्दल तक्रार आहे. रोटरीचा धूर पिस्टन इंजिनापेक्षा जास्त तापलेला असतो आणि साधी काचलोकर त्यात भुगा होऊन उडते. साडेचार हजार किलोमीटरच्या सुमारास आवाजात करकर आली, सायलेन्सरच्या अंगावर तपकिरी-निळसर डाग दिसला आणि मागच्या तोंडापाशी काजळीत पांढरे तंतू सापडले. भरण जळाल्याच्या याच खुणा. छिद्रांच्या नळीला आधी स्टेनलेसच्या लोकरीचा थर आणि त्यावर बेसॉल्टचं भरण घातल्यापासून आवाज परत गोल झाला आहे. विकत घेतानाच विचारा, सायलेन्सरचं टोपण बोल्टचं आहे की वेल्डचं. बोल्टचं असेल तर हे काम दुपारभराचं.

कॅट जपायचा तर मिसफायर (मिश्रण न पेटणं) अंगावर काढू नका. मागच्या, म्हणजे ट्रेलिंग प्लगचं एक कॉइल गेलं तरी न जळलेलं इंधन कॅटमध्ये पेटतं आणि गाभा वितळतो. मूळ कॅटला एअर पंपाची नळी येते. नव्या कॅटला तशी जोडणी नसेल तर ती नीट बंद करा आणि वरचं उष्णतारोधक पत्र्याचं आवरण परत बसवा, नाहीतर पायाखालचा गालिचा भाजतो. हे इंजिन मुळातच तेल जाळतं, त्यामुळे तोंडाशी काळी काजळी दिसली म्हणून घाबरू नये.

धातूबद्दल थोडक्यात: ४०९ स्टेनलेस स्वस्त आणि कमी प्रसरण पावणारा, पण वरून गंजतो, टायटॅनियमचं वजन स्टेनलेसच्या निम्म्याच्या जवळ, पण पातळ भिंतीमुळे आवाज चिरका आणि टर्बोजवळ तो नकोच. कोणताही पाइप घेताना फ्लँजमधून टॉर्च मारून वेल्डची आतली बाजू बघा. खडीसाखरेसारखे काळे खडे दिसले तर वेल्ड करताना आत आर्गॉन सोडलेला नाही; तो जोड आधी चिरेल. मूळ जोडटर्बोला ७६ मिमी पुरेसा आहे. दीड मिमी जाडीच्या पाइपात ६३.५ वरून ७६ वर गेलं की आतलं क्षेत्रफळ जवळजवळ ४५ टक्के वाढतं. त्याहून मोठा पाइप एकच मोठा टर्बो लावणाऱ्यांसाठी. मूळ टर्बोवर तो लावला तर वेस्टगेटचं काम आधी करून घ्यावं लागेल.