एम.ए.ला डिफेन्स घ्यावं की पीस?

राज्यशास्त्र किंवा इतिहासात बी.ए. झालंय, युद्ध, दहशतवाद, वाटाघाटी या विषयांत रस आहे आणि एम.ए.साठी दोन फॉर्म समोर आहेत. एक पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या संरक्षण व सामरिकशास्त्राचा, म्हणजे डिफेन्सचा. दुसरा दिल्लीच्या जामिया मिल्लियाच्या नेल्सन मंडेला केंद्रातल्या संघर्ष विश्लेषण आणि शांतता उभारणीचा, म्हणजे पीसचा. अशा पेचात असलेल्यांसाठी हे लिहितोय. पेपर किती, क्रेडिट किती, फी किती हे संकेतस्थळावर मिळेल, ते इथे उगाळत नाही. मी बी.ए.ला डिफेन्स घेतलं आणि एम.ए.ला पीसकडे वळलो. कुठे शिकलो ते बाजूला ठेवू, कारण बोलायचंय ते विषयांच्या स्वभावाबद्दल.

डिफेन्स शिकायला पुण्यासारखं गाव नाही, हे आधीच कबूल करतो. खडकवासल्याला एनडीए, दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय सीएमई, लष्कराच्या दक्षिण विभागाचं मुख्यालय शहरातच, आणि विद्यापीठाचं यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं सुरक्षा-अभ्यास केंद्रही आहे. पाहुणे व्याख्याते म्हणून निवृत्त अधिकारी येतात आणि ते पुस्तकातलं बोलत नाहीत. कारगिलवर बोलायला आलेले एक कर्नल तासभर फक्त रसद या विषयावर बोलले: खेचर कुठवर जातं, तिथून पुढे माणसाच्या पाठीवर किती ओझं चढतं, पाणी की दारूगोळा यातलं आधी काय. युद्ध म्हणजे बहुतांशी हमाली, हे मला त्या दिवशी कळलं. पीसच्या वर्गात असा तास मला मिळाला नाही.

मग सोडलं का? एका कटकटीपायी. डिफेन्सच्या कुठल्याही निबंधाचा शेवट ठरलेला असतो: ‘भारताच्या सुरक्षेवर परिणाम’ आणि ‘भारतापुढील पर्याय’. अफगाणिस्तानवर लिहा, श्रीलंकेवर लिहा, शेवटचं पान तेच. मी जाफन्यावर लिहिलं होतं, 1981 साली तिथलं ग्रंथालय जाळलं तिथून सुरुवात करून. तमिळ मुलं बंदुकीकडे का वळली, हे शोधायचा माझा खटाटोप होता. सरांनी वही परत दिली तेव्हा समासात लाल पेनानं एवढंच होतं: ‘भारतापुढील पर्याय?’ सरांचं चुकलं असं नाही म्हणत. विषयच शासनाला सल्ला देण्यासाठी उभा आहे. पण प्रत्येक भांडण साऊथ ब्लॉकच्या, म्हणजे दिल्लीतल्या सरकारच्या, खिडकीतून बघायचं, याचा मला हळूहळू कंटाळा आला. त्या खिडकीतून भांडणारी माणसं फार लहान दिसतात.

फरक नीट कळायला मिझोराम घ्या. डिफेन्समध्ये तो बंडखोरी मोडण्याचा धडा आहे: मार्च 1966 मधला उठाव, ऐझॉलवर हवाई दलाचा हल्ला, 1967 पासून गावं उठवून रस्त्यालगतच्या वसाहतींत हलवणं, शेवटी 1986 चा करार. पीसमध्ये तीच गोष्ट आधीपासून सुरू होते, 1959 च्या सुमाराला बांबू फुलला, उंदीर माजले आणि दुष्काळ पडला तिथून. दुष्काळात मदत करायला निघालेल्या संघटनेचंच पुढे मिझो नॅशनल फ्रंट झालं. मग प्रश्न येतो तो खरा: सरकार आणि नागा बंडखोरांमधला 1975 चा शिलाँग करार नागांच्यात फूट पाडून बसला, आणि 1986 चा मिझो करार टिकला, असं का? शिलाँगला सह्या कोणी केल्या आणि कोणाला न विचारता केल्या, हे बघावं लागतं. 1980 मध्ये एनएससीएन ही नागांची सशस्त्र संघटना जन्मली ती त्या नाराजीतूनच. उलट मिझोराममध्ये चर्चनं मध्यस्थीची वाट धरून ठेवली आणि फ्रंटचे लालडेंगा भूमिगत नेत्याचे थेट मुख्यमंत्री झाले. दोन्ही वाचनं खरी आहेत. मला दुसरं जास्त उपयोगाचं वाटलं, इतकंच.

गडचिरोलीचंही तसंच. डिफेन्सवाला प्रबंध सी-60 हे पोलिसांचं नक्षलविरोधी पथक, पोलीस मदत केंद्रं, रस्ते, आत्मसमर्पण योजना यांवर जाणार. पीसवाला धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला पोचेल. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, बांबू विकायचा अधिकार ग्रामसभेकडे आला, त्यानं माणसांचं आणि वनखात्याचं नातं बदललं का, हे विचारेल. महाराष्ट्रात बसून एवढं जवळचं उदाहरण असताना आमचे बहुतेक प्रबंध सियाचेनवर का असतात, ते मला उमगलेलं नाही.

पीसच्या बाजूनं वजनदार ठरलेली आणखी एक गोष्ट म्हणजे नकली वाटाघाटी. उत्तर आयर्लंडवर आमचा एक तास असा झाला. मला सशस्त्र गटाचा प्रतिनिधी केलं आणि ज्याचे वडील लष्करात सुभेदार होते त्या मित्राला ब्रिटिश सरकार. तो ‘आधी शस्त्रं’ म्हणे, मी ‘आधी कैदी’. दुपारचा चहा थंड झाला तरी आम्ही तिथेच. आणि गंमत म्हणजे प्रत्यक्षातही तसंच झालं होतं: करार 1998 चा, कैदी 2000 पर्यंत सुटले, आयआरए या तिथल्या सशस्त्र गटाची शस्त्रं निकामी झाल्याची खात्री मात्र 2005 मध्ये पटली. कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर यावर करार तरतो किंवा बुडतो, हे मी चार पुस्तकं वाचूनही इतकं पक्कं शिकलो नसतो.

आता पीसची रड. योहान गाल्टुंग या शांतता-अभ्यासकाचा त्रिकोण इतक्यांदा काढावा लागतो की दुसऱ्या सत्रात तो झोपेतही काढता येतो. वाचन जवळपास सगळं इंग्रजीत, आणि उदाहरणं बोस्निया-बेलफास्टची. बी.ए.ला मराठीतून पेपर लिहिलेल्याला सुरुवातीला धाप लागते. शिवाय घरी ‘म्हणजे नक्की काय शिकतोस?’ याचं उत्तर शेवटपर्यंत सापडत नाही. डिफेन्स म्हटलं की मावशीलाही कळतं.

नोकरीत डिफेन्सचं पारडं जड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला त्याचा स्वतंत्र विषय आहे, राज्यातल्या कॉलेजांत तो शिकवला जातो, म्हणजे प्राध्यापकीची आशा तरी आहे. पीसवाल्याला नेटच्या यादीत मिळतो तो ‘बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अभ्यास’ असा एकत्र विषय. बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारावर दोन वर्षं घालवलेल्यानं मग त्रिपिटकं आणि तीर्थंकर घोकायचे. नाहीतर राज्यशास्त्रासारख्या जवळच्या विषयातून बसता येईल का, ते नियम वाचून बघायचं. स्वयंसेवी संस्थांतली कामं मिळतात, पण बहुतेक प्रकल्पापुरती. परदेशी जायचं असेल तर मात्र पीसची ओळख कामी येते. स्वीडनमधलं उप्साला, इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड इथले विभाग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहेत, आणि रोटरीची शांतता शिष्यवृत्ती मिळाली तर पैशाचा प्रश्न सुटतो. फक्त तिला एम.ए.साठी किमान 3 वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे लगेच नाही.

यूपीएससी, सैन्य किंवा कॉलेजची नोकरी डोळ्यांसमोर असेल तर पुणे सोडू नका, दिल्लीच्या भाड्यात पैसे घालवू नका. पण बातमी वाचताना ‘सरकारनं काय करावं’ याआधी ‘हे लोक असे का वागले असतील’ हा प्रश्न तुम्हाला पडत असेल, तर माझ्या मते तुमचा कल ठरलेलाच आहे. तरी फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडच्या ग्रंथालयांत जाऊन अलीकडचे प्रबंध मागा. प्रस्तावना वाचू नका, सगळ्यांच्या सारख्याच असतात. शेवटचं प्रकरण उघडा आणि असलं काहीतरी लिहीत दोन वर्षं काढाल का, ते बघा.