पुण्याहून महाड: वरंध घाटानं उतरायचं की आंबेनळीनं?

रायगडाला किंवा महाडच्या चवदार तळ्याला जायचं ठरलं, की पुण्याच्या माणसापुढे हा प्रश्न येतोच. मोबाईल भोरमार्गे वरंध सुचवतो, कारण अंतर जेमतेम १३० किलोमीटर. आंबेनळीनं, म्हणजे सुरूरला वळून वाई, पाचगणी, महाबळेश्वर, पोलादपूर असं गेलं तर चाळीस-पन्नास किलोमीटर सहज वाढतात. मी मात्र आधी महिना बघतो, किलोमीटर नंतर.

दिवाळीनंतर, कोरड्या रस्त्यावर आणि दिवसाउजेडी जाणार असाल तर डोळे झाकून वरंध घ्या. कापूरहोळला हायवे सोडला की लगेच भोर, आणि पुढे नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबतीला असतं. हा हिरडस मावळ, म्हणजे बाजीप्रभूंचा मुलूख. घाटमाथ्याजवळ शिरगावला नीरा उगम पावते. नंतर रस्ता सरळ कावळ्या किल्ल्याच्या अंगातून जातो. खिंड फोडून रस्ता काढताना किल्ल्याचे दोन तुकडे झाले, आणि गाडीतल्या बहुतेकांना आपण किल्ल्यातून चाललोय याचा पत्ताही नसतो. वाघजाईच्या देवळापाशी थांबा. टपरीवर कढईतून काढलेली कांदाभजी कागदावर येतात. कागद कठड्यावर ठेवून मागे वळाल तर माकड भजी उचलून नेतं, तेव्हा ती हातातच धरा. तिथून खाली कोकण पसरलेलं दिसतं. घाट उतरल्यावर वाट थोडी वाकडी केली की शिवथरघळ. समर्थ रामदासांच्या वास्तव्याची ही जागा धुळ्याच्या शंकर देवांनी १९३० साली शोधून काढली.

आता दुसरी बाजू. पूर्वी राज्यमार्ग असलेला हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ९६५ डीडी आहे. पाटी बदलली तरी घाटातली वळणं तीच, रुंदीही बऱ्याच ठिकाणी तेवढीच. समोरून ट्रक आला की एकानं मागे सरायचं, दुसरा उपाय नाही. गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात दरडींच्या भीतीनं जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं हा घाट बंद ठेवावा लागला आहे. ही भीती उगाच नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्याच तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या डोंगरांकडे बघून जून ते सप्टेंबर वरंधचं नाव काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरूर-पोलादपूर राज्यमार्गाची तब्येत वेगळी. पसरणी घाट चढून पाचगणी, मग महाबळेश्वर, आणि तिथून सुमारे १३५० मीटरवरून चाळीसेक किलोमीटरमध्ये थेट सावित्रीच्या खोऱ्यात. सरकारी कागदांत हा उतार म्हणजे फिट्झजेराल्ड घाट. १८६७ ते १८७२ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या साहेबाचं ते नाव. लोकांनी मात्र आंबेनळीच म्हटलं. पण जावळीत उतरायची वाट त्याच्या कितीतरी आधीची आहे. १६५९ मध्ये अफझलखान वाईहून रडतोंडीच्या घाटानं उतरून पार गावी आला होता. वाडा कुंभरोशीहून आत वळून पारला जा, तिथे कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आहे. चुन्यात बांधलेला, आणि आजही त्यावरून गाड्या जातात. मी दरवेळी तिथे उतरतो, पुलाच्या दगडावर हात ठेवतो आणि मगच पुढे जातो. प्रतापगड तर वाटेतच आहे.

घरातले म्हातारे-कोतारे, लहान मुलं बरोबर असतील तर हाच रस्ता घ्या. दर दहा-पंधरा किलोमीटरला हॉटेल, पेट्रोल, दवाखाना निदान महाबळेश्वरपर्यंत मिळतो. वाडा कुंभरोशीनंतर मात्र हाही घाट लाड करत नाही. २८ जुलै २०१८ ला दापोलीहून सहलीला निघालेल्या कर्मचाऱ्यांची बस इथेच दरीत कोसळली, आणि बसमधला एकच माणूस वाचला. २०२१ च्या जुलैत दरडींनी हा घाटही तोडला होता. धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही. अशा वेळी दिवे लावा, वळणावर हॉर्न द्या, आणि ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर अर्ध्या घाटात जळका वास येतो. तसा वास आलाच तर गाडी कडेला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्या.

सुट्टीच्या शनिवारी पाचगणी ते महाबळेश्वर गाड्यांची रांग लागते, तेव्हा वाईत पहाटेच पोचा. नाहीतर सगळा वेळ तिथेच जातो.

दोन्ही घाट बंद असले तर मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरून माणगाव, आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गानं महाड. पाऊस तिथेही दणकून असतो, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी महाडच्या किंवा पोलादपूरच्या ओळखीच्या माणसाला एक फोन करा. घाट चालू आहे का, हे त्याला नकाशाच्या आधी कळलेलं असतं.