ओपिनेल नंबर ८: पेरू कापणारा चाकू हवा असेल तर हा घ्या

खिशात चाकू कशाला लागतो रे, असं विचारणाऱ्यांनाच डब्यातला पेरू कापायला माझा चाकू लागतो, हे आधी सांगून टाकतो. माझी गरज साधी आहे, कुरिअरची खोकी, सुतळी, फळं, ट्रेकला कांदा-काकडी, बस. दोन चाकू वापरून झाल्यावर ज्याच्यावर थांबलो तो ओपिनेल नंबर ८, कार्बन स्टीलवाला. ओपिनेल म्हणजे लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू, आणि नंबर म्हणजे त्याची साइज.

सुरुवात अर्थातच लाल व्हिक्टोरिनॉक्सने झाली, म्हणजे तो बरीच अवजारं असलेला स्विस चाकू, त्यातलं स्पार्टन मॉडेल, मिटल्यावर ९१ मिमी. वस्तू एक नंबर, वाईट बोलवत नाही. पण खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा मी मोठं पातंच उघडायचो, आणि तो बूच काढायचा स्क्रू तर एकदाही बुचाला लागला नाही, बुटाच्या नाडीची गाठ सोडवायला मात्र भारी आहे. ज्यांना ओपनर, चिमटा सगळं लागतं त्यांनी डोळे मिटून तोच घ्यावा. मला पातं हवं होतं.

मग यूट्यूब बघून डोकं फिरलं आणि ऑनलाइन एक काळा, एका हाताने उघडणारा टॅक्टिकल का काय तो मागवला, कंपनीचं नाव घेत नाही. जाडजूड पातं, पेरू कापायचाच नाही, फोडायचा. वर ऑफिसात तो खट्टकन उघडला की शेजारच्या मॅडम खुर्ची मागे घ्यायच्या. त्यांचं तरी काय चुकलं, आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की लोकांना रामपुरीच आठवतो.

ओपिनेलचं उलट आहे. बीच लाकडाची गोल मूठ, दिसायला खेळण्यासारखा, काढला तर कोणी दचकत नाही. १८९० मध्ये फ्रान्सच्या डोंगराळ साव्वा भागात जोसेफ ओपिनेलने शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी बनवायला सुरुवात केली, आणि अजूनही तो तसाच साधा आहे, एक पातं, एक मूठ, एक खिळा आणि एक फिरणारी रिंग. रिंग १९५५ ला आली, फिरवली की पातं लॉक, आताच्या चाकूत मिटल्यावरही लॉक होतं त्यामुळे बॅगेत आपोआप उघडायची भीती नाही. नंबर ८ चं पातं साडेआठ सेंमी, आणि मुख्य म्हणजे पातळ, दोन मिमीही नाही. टोमॅटोच्या अशा चकत्या पडतात की आई पण गप्प बसली, नाहीतर तिचं मत होतं की घरात विळी असताना ही थेरं कशाला.

आता नखरे. लाकूड आहे, पावसाळ्यात फुगणारच, आणि आपला पावसाळा म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. पातं घट्ट बसलं की नखाने ओढत बसू नका. रिंग मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटा, पातं थोडं बाहेर येतं, मग चिमटीत धरून उघडा, तिकडे साव्वातले लोकही हेच करतात. जवसाचं तेल लाकडाला पाजलं तर त्रास कमी होतो. कार्बनचं पातं ओलं ठेवलं की गंज, त्यामुळे पुसून खोबरेल तेलाचं एक बोट फिरवायचं. कैरी कापली की ते निळं-काळं पडतं, पहिल्या दिवशी काळजाचं पाणी होतं पण तो गंज नव्हे, आणि मला तर आता तो रंगच आवडतो. हे सगळं झेपणार नसेल तर स्टेनलेसमध्ये पण मिळतो, कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी सरळ तोच घ्यावा. मी कार्बन घेतला कारण धार पटकन लागते, साध्या दगडावर पाच मिनिटं घासलं की झालं.

नंबर ६ पण हातात धरून बघितला, पातं ७ सेंमी, खिशात छान बसतो पण माझ्या पंजाला मूठ पुरत नाही. नंबर १० मोठा होतो. हात लहान असेल तर ७ बघा.

आणि विमानाने जाणार असाल तर चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत विसरू नका. हा माझा दुसरा नंबर ८ आहे, पहिला सिक्युरिटीच्या टोपलीत गेला, मुठीवर चार वर्षांचे डाग पडलेला.