दिवाळी अंक योजना घ्यावी का? आमच्या वाचनालयाचा रिव्ह्यू

डोंबिवली पूर्वेला आमच्या भागात एक जुनं वाचनालय आहे. त्यांची दिवाळी अंक योजना मी बरीच वर्षं घेतोय, आणि यंदा चार-पाच जणांनी विचारलं की पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. होतात. आज एक बरा दिवाळी अंक घ्यायचा म्हटलं तरी तीनशे-चारशे रुपये जातात, आणि इथे साधारण दोन अंकांच्या पैशात मार्च संपेपर्यंत हवे तेवढे अंक बदलून नेता येतात. अंक वेळेवर येतात, कव्हर घातलेले असतात, मोठ्या नावाच्या अंकांसाठी थोडं थांबावं लागतं एवढंच.

पण मी दरवर्षी पैसे भरतो ते मागच्या खोलीसाठी. योजनेच्या मेंबरना ती खोली खुली असते आणि हे निम्म्या लोकांना माहीतच नाहीये. 'सत्यकथा' या जुन्या साहित्य मासिकाचे बाइंड केलेले खंड, दलित साहित्याच्या 'अस्मितादर्श'चे अंक, जुने दिवाळी अंक असं सगळं तिथे आहे. घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचायचं. आणि तिथे काउंटरवरच्या काकूंनी एक जाड वही ठेवलीय, त्यात लेखकाचं नाव आणि पुढे तो माणूस पोटापाण्यासाठी काय करायचा, कुठला होता, असं दोन-चार ओळींत लिहिलंय. अशी सोय मी दुसऱ्या कुठल्याच वाचनालयात बघितली नाही.

ही वही शेजारी ठेवून सत्यकथेचा खंड वाचायला घ्या, मग कळेल मी काय म्हणतोय ते. गंगाधर गाडगीळ नवकथा लिहीत होते आणि कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, पुढे मुंबई ग्राहक पंचायतीचं कामही केलं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे, आजूबाजूला सगळं कानडी वातावरण, लोकांत मिसळणं जवळपास नाहीच. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला खानावळ चालवायचे आणि आरती प्रभू या नावाने कविता पाठवायचे. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले, शाळा अर्धवट सुटलेली, नंतर पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचं काम. तसं आकाशवाणी हे नाव वहीत इतक्या वेळा येतं की आश्चर्य वाटतं, मर्ढेकर तिथे, पाडगावकर तिथे, काही काळ खानोलकरही तिथेच, म्हणजे त्या काळच्या मराठी साहित्याला केवढा आधार त्या एका सरकारी पगाराचा होता बघा.

मला सगळ्यात आवडलेली नोंद प्रकाश नारायण संतांची. दत्तक गेल्यामुळे कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित, कऱ्हाडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. लंपन या लहान मुलाच्या पहिल्या कथा साठच्या दशकात सत्यकथेत आल्या, मग खूप मोठी गॅप, आणि 'वनवास' पुस्तक आलं थेट 1994 ला. मधली सगळी वर्षं हा माणूस मुलांना दगड आणि खनिजं शिकवत होता. आणि त्याच मासिकात त्यांच्या आई इंदिरा संत यांच्या कविता. त्यांचे पती ना. मा. संत 1946 साली गेले, मुलं लहान, बाईंनी बेळगावला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात नोकरी केली, तिथेच प्रिन्सिपल झाल्या. वहीच्या जुन्या पानांवर बऱ्याच लेखिकांच्या नावापुढे नुसतं 'गृहिणी' लिहून सोडलंय, ते मला अजिबात पटलं नाही, मी काकूंना तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या की माझ्या आधीच्यांनी लिहिलंय ते, मी एकेक दुरुस्त करतेय. खरंच करतायत, संतबाईंची नोंद त्यांच्याच अक्षरात आहे.

माझं म्हणणं असं आहे की यातली बरीचशी माणसं पुस्तकात एकेकटी भेटतात. जीएंचं पुस्तक कपाटात वेगळं, आरती प्रभूंचा संग्रह वेगळा, आणि आपण तसेच वाचतो. मासिकाच्या जुन्या खंडात मात्र खानावळवाल्याच्या कवितेनंतर दोन-चार पानांवर अर्थशास्त्राचा प्राध्यापक असतो, पुढे माणदेशातला माणूस, आणि ही सगळी मंडळी प्रत्यक्षात एका पंगतीला बसली असती की नाही देव जाणे. म्हणून अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, फक्त आवडत्या लेखकाची गोष्ट काढून वाचू नका, जाहिरातीसुद्धा वाचा. आणि नोकरी कळली म्हणजे लेखन कळलं असंही नाही हां, जीएंच्या कथांचा उलगडा धारवाडच्या कॉलेजातल्या हजेरीपटावरून थोडाच होणार आहे.

आता अस्मितादर्श. यासाठी तर नुसती खोलीची वेगळी फी ठेवली तरी मी भरीन. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादला 1967 साली हे त्रैमासिक सुरू केलं आणि 2018 मध्ये जाईपर्यंत चालवलं, म्हणजे पन्नास वर्षं एका प्राध्यापकाने एक नियतकालिक धरून ठेवलं. त्याच औरंगाबादला 1950 मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केलं होतं, खेड्यापाड्यातली मुलं तिथे येत होती, घरातली शिकणारी पहिलीच पिढी, आणि लिहायला लागल्यावर आपलं छापणार कोण हा त्यांचा प्रश्न होता. सत्यकथेची निवड कडक आणि तिची आवड ठरलेली. मी सत्यकथा मनापासून वाचतो तरी हे म्हणतो, की इतकी वेगवेगळी माणसं लिहीत असूनही तिच्यात फार मोठा महाराष्ट्र आलाच नाही. अस्मितादर्श वाचताना ते लगेच जाणवतं. इथली भाषा वेगळी, राग वेगळा, काही लेखन कच्चं आहे, पण ते छापलं गेलं म्हणून तर पुढचं आलं.

खोलीत मोठी उणीव आहे ती अनियतकालिकांची, म्हणजे जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या अंकांची. 'शब्द', 'असो', 'वाचा' यातलं जवळजवळ काहीच नाही. टॅक्सी चालवणारे नामदेव ढसाळ, जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार म्हणून काम करणारे अरुण कोलटकर, हे सगळे त्या छोट्या अंकांतून वाढलेले. ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा' 1972 चा, पुस्तक बाहेर मिळतं, पण त्याच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते बघायला अंकच हवेत. कोणाच्या घरी माळ्यावर असतील तर रद्दीत न घालता इथे आणून द्या, काकू घेतात, पावतीसुद्धा देतात.

नव्या दिवाळी अंकांबद्दल एक तक्रार आहे, ही वाचनालयाबद्दल नाही. शेवटच्या पानांवरचा लेखक परिचय वाचा, नुसते पुरस्कार. अमका पुरस्कार, तमक्या मंडळाचे सदस्य, इतकी पुस्तकं. अहो, बाई नर्स आहेत का तलाठी, राहतात कुठे, हे सांगा ना. हल्ली झेडपीचे शिक्षक, एसटीतले लोक, शेती करणारे, परदेशात कंपनीत असलेले असे सगळेच लिहितात, मग ते लपवायचं कशाला? काही मोजके अंक नीट माहिती देतात, ते मी आधी नेतो.

बाकी माहिती, खोलीत दोनच टेबलं आहेत आणि उन्हाळ्यात फॅन पुरत नाही, सकाळी गेलात तर जागा मिळते. खंडांना विषयसूची नाही, त्यामुळे शोधाशोध करावी लागते. वही आपणहून कोणी पुढे करत नाही, काउंटरवर मागायची. फोटो काढायला परवानगी आहे पण फ्लॅश मारू नका, कागद पिवळे पडलेत. डिपॉझिट परत मिळतं, योजनेची फी मिळत नाही. नावनोंदणी दसऱ्यापासून सुरू होते, आणि पहिल्या आठवड्यातच करा, नंतर चांगले अंक हाती यायला जानेवारी उजाडतो.