मिमिक डेटाबेस: फुकट आहे, पण शेजारी डॉक्टर बसवूनच उघडा

आयसीयूच्या डेटावर काम करायचं म्हटलं की जो तो मिमिकचंच नाव घेतो आणि वापरून बघितल्यावर मीही सांगतो, उगाच नाही घेत. पाचपैकी साडेचार. एमआयटी आणि बोस्टनचं बेथ इस्राएल डीकोनेस हॉस्पिटल, दोघांनी मिळून केलेला आयसीयू पेशंटच्या नोंदींचा हा साठा फिजिओनेट या मेडिकल डेटाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. मिमिक-३ मध्ये २००१ ते २०१२ चे चाळीस हजारांवर पेशंट, मिमिक-४ मध्ये २००८ पासून पुढचे. बीपी, लॅब रिपोर्ट, कुठलं औषध किती वाजता सुरू केलं, सगळं.

लगेच डाउनलोड होत नाही हं. आधी ऑनलाइन कोर्स, मग ओळख पटवा, मग करारावर सही. कटकट वाटते, पण कोणाच्या तरी आईबापाची माहिती आहे ती, एवढं हवंच. आणि करार नीट वाचा, डेटा दुसऱ्याला द्यायचा नाही म्हणजे बाहेरच्या चॅटबॉटमध्ये पेस्ट पण करायचा नाही. नुसता अंदाज घ्यायचाय तर १०० पेशंटचा डेमो आहे, त्याला यातलं काही लागत नाही.

तारखा बघून दचकू नका, सन २१३० वगैरे दिसेल. ओळख लपवायला प्रत्येक पेशंटच्या तारखा वेगवेगळ्या पुढे ढकलल्यात, त्यामुळे एका पेशंटच्या दोन घटनांमधलं अंतर बरोबर राहतं पण दोन पेशंट एकाच वेळी वॉर्डात होते का ते कळत नाही. मिमिक-३ मध्ये ८९ च्या वरच्यांचं वय ३०० दिसतं तेही त्यासाठीच, सरासरी काढायच्या आधी बाजूला करा.

खरी डोकेदुखी म्हणजे हॉस्पिटलने मधेच केअरव्ह्यू सोडून मेटाव्हिजन सॉफ्टवेअर घेतलं, म्हणून मिमिक-३ मध्ये हार्ट रेटला दोन कोड, २११ आणि २२००४५. एकच घेतला की बरेच पेशंट गायब, आणि एरर वगैरे काही येत नाही! पण हे निदान शोधून सापडतं. लॅक्टेट या रक्ताच्या टेस्टचं तसं नाही. इंजिनिअरला रिकामा रकाना म्हणजे मिसिंग व्हॅल्यू, डॉक्टर म्हणतो अरे गरजच वाटली नसेल म्हणून टेस्ट पाठवली नाही. म्हणजे टेस्ट केली हीच एक माहिती झाली, आकडा नॉर्मल आला तरी. हे कुठल्या डॉक्युमेंटेशनमध्ये वाचून येत नाही, म्हणून म्हटलं डॉक्टर शेजारी हवा.

अर्धा मार्क कापला तो एकाच हॉस्पिटलचा डेटा म्हणून. तिथे चाललेलं मॉडेल दुसरीकडे चालेलच असं नाही, तेव्हा फिलिप्स आणि एमआयटीचा ईआयसीयू डेटाबेस पण सोबत घ्या, २०१४-१५ चा, २०८ हॉस्पिटलांचा. पल्स ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय पेशंटमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा चुकवतो हे २०२० मध्ये दाखवलं ना, त्यात मिशिगन युनिव्हर्सिटीच्या पेशंटसोबत हाच ईआयसीयूचा डेटा होता. नुसते एका ठिकाणचे आकडे असते तर तिथलंच काहीतरी असेल म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं.

आणि हो, सोफा स्कोअर (अवयव किती बिघडलेत त्याचे गुण), सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडणं) वगैरे काढायचं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायचा कोड, गिटहब या कोडच्या वेबसाइटवर मिमिक-कोडमध्ये तयार आहे, स्वतः लिहीत बसू नका.