रक्त 'अल्कलाइन' करून देणारे सर

दादर-परळ भागात 'कॅन्सर रुग्णांसाठी मोफत आहार मार्गदर्शन शिबिर' असा फलक दिसला किंवा व्हॉट्सॲपवर तसला निरोप आला, तर आत जाण्याआधी हे वाचा. नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि असे सर एकटे नाहीत. पद्धत मात्र सगळ्यांची सारखी, म्हणून पद्धतच सांगते.

मला उजव्या बाजूचा ब्रेस्ट कॅन्सर. वय 56, राहायला काळाचौकीला, मूळचे आम्ही कुडाळकडचे. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. काय खाऊ असं डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "सगळं खा. ताजं, शिजवलेलं खा. वजन उतरू देऊ नका." ओपीडीत दाराबाहेर रांग, त्यामुळे बोलणं तिथेच संपलं. आता ज्या घरात बाईला कॅन्सर झालाय, त्या घराला 'सगळं खा' हे उत्तरच वाटत नाही. एवढा मोठा आजार आणि पथ्य काहीच नाही? साध्या काविळीला घरात फोडणी बंद होते! डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या मधल्या या रिकाम्या जागेवर हा सगळा धंदा उभा आहे.

नणंदेला तिच्या ऑफिसातून पत्ता मिळाला. "वहिनी, भेटून तर या, फुकट आहे."

हॉल भरलेला. सरांच्या अंगावर पांढरा कोट, नावाआधी 'डॉ.'. त्यांनी माझ्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर ठेवला, मायक्रोस्कोप टीव्हीला जोडलेला होता. पडद्यावर माझ्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. "माउली, बघा, हे ॲसिडिक रक्त. कॅन्सर वाढतो तो यातच. आहाराने ते अल्कलाइन करायचं." सगळा हॉल गप्प. हॉस्पिटलच्या लॅबमधल्या मुलीने पुढे मला सांगितलं की थेंब जाड ठेवला की निरोगी माणसाच्या पेशीही काचेवर अशाच चिकटून दिसतात. त्यावरून रोग ओळखणारी कुठलीही मान्य चाचणी नाही.

मग ऑटो वॉरबर्ग. 1931 साली या जर्मन शास्त्रज्ञाला 'कॅन्सर ॲसिडमुळे होतो' या शोधासाठी नोबेल मिळालं, असं सरांनी ठोकून दिलं. नोबेल 1931 चं खरं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं. कॅन्सरच्या पेशी साखर भरपूर वापरतात हे निरीक्षण त्याचंच, तेही खरं. 'म्हणून साखर तोडा, गाठ उपाशी मरेल' ही पुढची उडी सरांची. भात-साखर तोडली तरी रक्तात साखर राहतेच, कारण यकृत ती तयार करतं, आणि कच्चा माल म्हणून अंगातले स्नायू मोडले जातात. सरांनी पेटस्कॅनची, म्हणजे अंगात साखर कुठे जास्त वापरली जाते ते दाखवणाऱ्या तपासणीची, फिल्मही दाखवली: "साखर दिली की गाठ कशी चमकते बघा." त्याच फिल्मवर मेंदूही चमकत असतो. मेंदूला उपाशी ठेवा असं सर म्हणाले नाहीत.

रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती ॲसिडिक किंवा अल्कलाइन याचं माप, 7.35 ते 7.45 च्या दरम्यान असतो आणि तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. काकडीच्या रसाने तो हलत नाही. पण रोज सकाळी लघवीत बुडवायच्या पट्ट्या आम्हाला दिल्या होत्या, आणि लघवीचा पीएच खाण्याप्रमाणे बदलतो, कारण नको ते बाहेर टाकणं हेच मूत्रपिंडाचं काम. पट्टी हिरवी, म्हणजे 'अल्कलाइन', झाली की घरात आनंद. माझे यजमान तिचा फोटो सरांना पाठवायचे, तिकडून अंगठा यायचा. या पट्टीइतकी हुशार फसवणूक मी दुसरी पाहिली नाही. पुरावा खरा, आपल्याच घरातला. फक्त तो ज्याचा म्हणून सांगितला त्याचा नव्हता.

पॅकेज 52,000 रुपयांचं. त्यात डाएट चार्ट, 'डिटॉक्स' पावडर, हळदीच्या कॅप्सूल आणि 'व्हिटॅमिन बी-17' म्हणून जर्दाळूच्या कडू बिया. अल्कलाइन पाण्याचं मशीन वेगळं, 1,40,000 ला. ते घेण्यासाठी रोज फोन यायचे, घेतलं नाही. बी-17 नावाचं व्हिटॅमिन अस्तित्वात नाही. त्या बियांमध्ये ॲमिग्डालिन असतं आणि पोटात त्यापासून सायनाइड तयार होतं. बिया इतक्या कडू की मला त्या गिळवल्याच नाहीत. हळदीचं म्हणाल तर आमटीतली हळद वेगळी आणि अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. त्या कॅप्सूलनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे.

चार्टमध्ये दूध, दही, ताक, अंडी, मासे, भात, गहू, गूळ सगळं बंद. व्हीटग्रासचा रस, कच्चे मूग, काकडी, भोपळ्याचं सूप चालू. मालवणी घरात मासे आणि भात दोन्ही बंद म्हणजे चूलच बंद. सासूबाई पेजेची वाटी घेऊन उभ्या राहायच्या. "माका काय ता कळना नाय गो, पण उपाशी माणूस आजाराशी झुजतलो कसो?" सरांचा चार्ट फ्रिजवर चिकटवलेला, त्यामुळे पेज परत जायची.

वजन उतरलं तर "विष बाहेर पडतंय". चक्कर आली तर "हीलिंग क्रायसिस, शुभ लक्षण". तोंड आलं, जुलाब झाले, तर तो केमोचा दोष. सोनोग्राफीत काही नाही आलं, तर ते डाएटचं यश. तुमच्यासमोर कोणी असा हिशेब मांडत असेल, तर त्याला एकच विचारा: काय झालं तर तुमचा उपाय लागू पडला नाही असं तुम्ही म्हणाल? सरांकडे याला जागाच नव्हती. माझी भूकसुद्धा त्यांनी उपचार म्हणून विकली.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हाच मला थंडी वाजून ताप आला. सरांचा व्हॉइस मेसेज अजून फोनमध्ये आहे: "ताप म्हणजे शरीर लढतंय, ताई. हॉस्पिटलला कळवू नका, ते अँटिबायोटिक देऊन सगळं बिघडवतील." माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर मात्र ठळक छापलंय की 100.4 च्या वर ताप गेला तर रात्र असो की दिवस, ताबडतोब या. मुलाने मेसेज पुरता ऐकलाही नाही, टॅक्सी बोलावली. काउंट अगदी तळाला, यकृताचं एसजीपीटी वाढलेलं. ॲडमिट केलं, पुढची केमो लांबली. ताप रसानेच आला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण या दिवसांत कच्चं काही नको, आणि घरातल्या सगळ्या पुड्या-डब्या आणून दाखवा, असं बजावलं. पावडरच्या डबीवर घटकांची यादीच नव्हती.

हॉस्पिटलच्या डाएटिशियन मॅडमनी वॉर्डात येऊन कागदावर हिशेब केला. उपचार चालू असताना किलोमागे निदान 1.2 ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणजे माझ्या 58 किलोला जवळजवळ 70 ग्रॅम. चार्टप्रमाणे पोटात जात होतं त्याच्या निम्मंही नाही. अंड्यात 6, कपभर दुधात 6 ते 7, शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास. तोंड आलेलं असल्याने बांगडा तिखटाशिवाय, वाफवून. अंडं पूर्ण उकडलेलं, मोड शिजवून, फळ सोलून, रस्त्यावरचा ज्यूस नको. हे सगळं फुकट सांगतात. त्यांना भेटायचं असतं हेच कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते: केमोच्या पहिल्याच फेरीला "डाएटिशियनकडे पाठवा" असं स्वतःहून म्हणा.

दुधाबद्दल तर माझा संताप वेगळाच. माझा कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे अंगातल्या हार्मोनवर वाढणारा, म्हणून पुढे लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी घ्यायची आहे, आणि त्या गोळीने हाडं ठिसूळ होतात. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व जपायचं त्या बाईचं दूध-दही सर तोडत होते. सोयाबीनने ब्रेस्ट कॅन्सर वाढतो हे भूतही असंच. जेवणातलं सोया, टोफू चालतं. टाळायच्या त्या सोयाच्या अर्काच्या गोळ्या. आहाराचा या आजाराशी संबंधच नाही असंही नाही हं. दारू आणि पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन यांनी धोका वाढतो, डायबेटिस असेल तर केमोबरोबरच्या स्टेरॉइडने साखर चढते आणि ती सांभाळावीच लागते. पण या खऱ्या गोष्टी सरांच्या दोन तासांत एकदाही आल्या नाहीत. त्यात विकण्यासारखं काही नाही.

पैसे मागायला गेलो तेव्हा पावती पुढे केली. पावतीवर 'जीवनशैली मार्गदर्शन शुल्क'. सही घेतलेल्या फॉर्मवर बारीक अक्षरांत 'हा वैद्यकीय उपचार नाही'. तोंडाने कॅन्सर बरा, कागदावर काहीच नाही. डबीवरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर ते 'सरकारमान्य' म्हणून दाखवायचे. तो खाद्यपदार्थाच्या धंद्याचा परवाना आहे, औषधाचं प्रमाणपत्र नव्हे. 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत कॅन्सर आहे. म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉइस मेसेज, डबीचे सगळ्या बाजूंनी फोटो, यूपीआयच्या नोंदी जपा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, खाद्यपदार्थ आणि औषधांसाठी एफडीएकडे (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे) लेखी अर्ज करता येतो. नावाआधीचं 'डॉ.' महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये तपासता येतं. आमच्या सरांचं तिथे नाव नाही.

आम्ही दोन्हीकडे तक्रार केली. न फोडलेल्या डब्यांचे 11,000 परत आले, तेही मुलाने व्हॉइस मेसेज ऐकवल्यावर. बाकीचं अडकलेलं आहे. केमो पूर्ण झाली, वजन हळूहळू भरतंय. सरांचं शिबिर आता ठाण्याला भरतं. नवीन फलकावर 'कॅन्सर' हा शब्द नाही, 'सर्व प्रकारच्या गाठींसाठी' असं आहे, आणि रक्ताचा थेंब अजूनही फुकट तपासून मिळतो.